अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये हार्मोन रिसेप्टरवरचे उपचार: कुठे जमतं, कुठे अडतं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याच्या अस्तराचा दीर्घकाळ चालणारा दाह) चार वर्षांपासून, डाव्या बाजूपुरता. दाह शमवणाऱ्या मेसालामाइनच्या गोळ्या रोज २.४ ग्रॅम. गेल्या वर्षभरात आजार दोनदा उसळला आणि दोन्ही वेळा प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडचा कोर्स घ्यावा लागला. पाळीच्या आधी दोन-तीन दिवस शौचाचा त्रास वाढतो. हार्मोन रिसेप्टरमार्फत आतड्याचा दाह शमवता येतो असं तुम्ही वाचलंत, आणि त्यात इस्ट्रोजेन, व्हिटॅमिन डी, मधुमेहावरची पायोग्लिटाझोन आणि वजन उतरवणारी जीएलपी-१ची इंजेक्शनं अशी नावं आली. यातलं काही डॉक्टरांकडे मागावं का, असं तुम्ही विचारलंय.

आधी एक गोष्ट. हार्मोन रिसेप्टरवर काम करणारी दोन औषधं तुमच्या पोटात आधीच जाताहेत. प्रेडनिसोलोन ग्लुकोकॉर्टिकॉइड, म्हणजे कॉर्टिसॉलच्या, रिसेप्टरवर काम करतं, हे उघडच आहे. मेसालामाइनचं मात्र फारसं कुणी सांगत नाही: त्याचं निदान काही काम तरी पीपीएआर-गॅमा या रिसेप्टरमार्फत होतं, आणि पायोग्लिटाझोन ज्याला चिकटते तो हाच रिसेप्टर. म्हणजे हा मार्ग नवा नाही, तुम्ही त्याच रस्त्यावर आहात. बघायचं ते हे, की ही दोन औषधं जिथे पोचायला हवीत तिथे पुरेशी पोचताहेत का, आणि वर्षात दोन कोर्स लागले याचा अर्थ काय.

पुढचं बरंच काही मला न दिसणाऱ्या गोष्टींवर अवलंबून आहे: शेवटच्या कोलोनोस्कोपीत दाह नेमका कुठवर होता, शौचातलं कॅलप्रोटेक्टिन (आतड्यातला दाह दाखवणारं प्रथिन) किती आहे, पूर्वी कधी रक्ताची गाठ झाली होती का, गर्भधारणेचा विचार आहे का. त्यामुळे मी विचार कसा करायचा ते लिहितो. डोस ठरवायचा तो तुमच्या डॉक्टरांनीच.

रिसेप्टर म्हणजे पेशीतलं असं प्रथिन, ज्याला हार्मोन (मराठी पुस्तकातलं संप्रेरक) चिकटलं की पेशीचं वागणं बदलतं. यांचे दोन प्रकार इथे कामाचे. काही पेशीच्या आत असतात आणि थेट जनुकांवर बसून ती चालू-बंद करतात. कॉर्टिसॉल, इस्ट्रोजेन, व्हिटॅमिन डी आणि पीपीएआर-गॅमाचे रिसेप्टर या घराण्यातले. दुसरे पेशीच्या पृष्ठभागावर असतात आणि आत निरोप पाठवतात. जीएलपीचे आणि ग्रोथ हार्मोनचे रिसेप्टर असे. पहिल्या घराण्यातल्यांना एक खोड असते: ते जवळजवळ प्रत्येक अवयवात असतात आणि प्रत्येक ठिकाणी वेगळं काम करतात. आतड्यात जे हवंय तेच हाडात, डोळ्यात, यकृतात नकोसं असतं. या विषयातली बहुतेक अपयशं इथूनच निघतात.

स्टेरॉइडपासून सुरुवात करू, कारण पुरावा सगळ्यात जुना आणि सगळ्यात पक्का तिथे आहे. ट्रुलव्ह आणि विट्स यांनी १९५५ साली २१० रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध केली: कॉर्टिसोनवर सुमारे ४१ टक्के रुग्णांचा आजार शांत झाला, नुसत्या दिखाऊ गोळीवर सुमारे १६ टक्के. काम होतं ते असं. कॉर्टिसॉलचा रिसेप्टर पेशीद्रवात दुसऱ्या प्रथिनांना बांधलेला पडून असतो. औषध चिकटलं की सुटतो, केंद्रकात शिरतो आणि दाहाची जनुकं चालवणाऱ्या एनएफ-कप्पा-बी सारख्या घटकांना आवरतो. पण तोच रिसेप्टर यकृताला साखर बनवायला सांगतो, हाडांची झीज वाढवतो आणि मेंदूतून कॉर्टिसॉल बनवणाऱ्या अधिवृक्क ग्रंथीला जाणारा हुकूम थांबवतो. हवा तो परिणाम आणि नको तो परिणाम वेगवेगळे करायचे प्रयत्न कित्येक वर्षं चालू आहेत. रिसेप्टरला निवडक पद्धतीने चालू करणारे रेणू बनवले गेले, अँटिबॉडीला स्टेरॉइडसारखा रेणू जोडून तो दाहाच्या पेशीतच सोडायचे प्रयोग झाले. आतड्याच्या रोजच्या उपचारात यातलं काही अजून आलेलं नाही.

एक गोष्ट रुग्ण हमखास विचारतात: ४० मिलिग्रॅमने बरं वाटत नाही, ६० घेऊ का? रिसेप्टर एका मर्यादेपर्यंतच भरतात. १९६२ सालीच २०, ४० आणि ६० मिलिग्रॅमची तुलना झाली होती; ४० हे २० पेक्षा सरस ठरलं, ६० ने फायदा वाढला नाही, दुष्परिणाम मात्र वाढले. म्हणून ४० वर आठवडा-दोन आठवड्यांत फरक पडला नाही तर डोस चढवायचा नसतो, कारण शोधायचं असतं. क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलचा संसर्ग, सायटोमेगॅलो विषाणू, मध्येच घेतलेली आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामकं, किंवा रिफाम्पिसिनसारखं औषध जे यकृतात स्टेरॉइड पटापट संपवतं. काही रुग्णांत पेशीच औषध बाहेर ढकलतात, काहींत रिसेप्टरचं दुसरं, काम न करणारं रूप वाढलेलं असतं. अशा वेळी स्टेरॉइड कितीही ओता, त्या दाराने आत जाता येत नाही.

आता तुमचे दोन कोर्स. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये स्टेरॉइड सुरू केलेल्यांचा एक लोकसंख्येवर आधारित अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. महिन्याभरात ५४ टक्के रुग्ण पूर्ण बरे वाटण्यापर्यंत आले, ३० टक्के अर्धवट, १६ टक्क्यांना काहीच फरक नाही. वर्षाने पाहिलं तेव्हा ४९ टक्के टिकून होते, २२ टक्के स्टेरॉइडवर अवलंबून झाले होते आणि २९ टक्क्यांवर शस्त्रक्रिया झाली होती. (आकडे जैविक औषधांच्या, म्हणजे दाहाचा एखादा नेमका दुवा अडवणाऱ्या इंजेक्शनांच्या, आधीच्या काळातले आहेत, आज शस्त्रक्रियेचं प्रमाण तसं नाही.) तात्पर्य, या रिसेप्टरने आग विझते, पण तो पहाऱ्याला बसत नाही. तीन महिन्यांत १० मिलिग्रॅमच्या खाली उतरता येत नसेल, किंवा बंद केल्यावर तीन महिन्यांच्या आत पुन्हा उसळत असेल, तर त्याला स्टेरॉइडवर अवलंबून असणं म्हणतात. वर्षात दोन कोर्स हाही तसाच इशारा समजून पुढच्या औषधाचा विचार करायचा असतो. डॉक्टरांना विचारायची पहिली गोष्ट इथे आहे, आणि तिचा कोणत्याही नव्या रिसेप्टरशी संबंध नाही.

कोर्स उतरवताना लोक चुकतात ते दोन ठिकाणी. एक म्हणजे बरं वाटलं की गोळी एकदम बंद. तीन आठवड्यांहून जास्त घेतलेलं स्टेरॉइड एकदम थांबवलं तर शरीराचा स्वतःचा कॉर्टिसॉल लगेच परतत नाही. थकवा, चक्कर, उलट्या, रक्तदाब पडणं असं होतं आणि त्याला आजार परत आला असं समजलं जातं. साधारण पद्धत म्हणजे ४० मिलिग्रॅमपासून दर आठवड्याला ५ मिलिग्रॅम कमी करत सुमारे आठ आठवड्यांत बंद. दुसरी चूक उलटी: ५ किंवा १० मिलिग्रॅम महिनोन्महिने 'आधाराला' चालू ठेवणं. त्याने आजार आटोक्यात राहत नाही, हाडं मात्र जातात. कोर्स चालू असेपर्यंत कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी सोबत हवंच.

जागेचा प्रश्न सोडवणारं स्टेरॉइड म्हणजे ब्युडेसोनाइड. ते आतड्यात सोडलं जातं, आतून काम करतं, आणि रक्तात शिरलेल्यापैकी सुमारे ९० टक्के यकृतातून पहिल्याच फेरीत निकामी होतं. रिसेप्टर तोच, फक्त पत्ता बदलला. मोठ्या आतड्यात हळूहळू सुटणारी ९ मिलिग्रॅमची गोळी सकाळी एकदा, आठ आठवडे, सौम्य ते मध्यम आजारात वापरली जाते. छोट्या आतड्याच्या शेवटी सुटणारी कॅप्सूल वेगळी असते आणि ती क्रोन्ससाठी, म्हणजे आतड्याच्या दाहाच्या दुसऱ्या आजारासाठी. नाव एकच म्हणून अदलाबदल करू नका. केटोकोनाझोल, रिटोनाविर किंवा ग्रेपफ्रूटचा रस यांनी यकृतातलं ते निकामी करणं थांबतं आणि सौम्य समजलेलं औषध नेहमीच्या स्टेरॉइडसारखं अंगात भिनतं.

याच रिसेप्टरबद्दल एक रंजक बाजूची गोष्ट: आतड्याचं अस्तर स्वतःही थोडं स्टेरॉइड बनवतं. त्याचा कारभार एलआरएच-१ नावाच्या रिसेप्टरकडे असतो, आणि आयबीडीच्या (अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि क्रोन्स यांचं एकत्र नाव) रुग्णांच्या आतड्यात ही स्थानिक निर्मिती कमी पडलेली आढळली आहे. हा रिसेप्टर चालू करून आतड्याला त्याचंच औषध बनवायला लावायचं, ही कल्पना मला सगळ्यांत आवडते. अजून ती प्रयोगशाळेच्या टेबलावर आहे.

आता मेसालामाइन, आणि इथे जरा थांबावं लागेल, कारण तुम्हाला आज फायदा होऊ शकतो तो या भागातून. पीपीएआर-गॅमा हा रिसेप्टर चरबीच्या पेशींत असतो आणि मोठ्या आतड्याच्या अस्तरातही भरपूर असतो. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये अस्तरात तो कमी झालेला दिसतो. तो चालू झाला की एनएफ-कप्पा-बीला आळा बसतो. २००५ साली दाखवलं गेलं की मेसालामाइन या रिसेप्टरला चिकटतं आणि हा रिसेप्टर अर्धवट असलेल्या उंदरांत त्याचा उपयोग होत नाही. पण चिकटतं ते फार ढिलं. मधुमेहावरची रोझिग्लिटाझोन नॅनोमोलरच्या घरात पुरते, मेसालामाइनला मिलिमोलरच्या घरात मात्रा लागते, म्हणजे हजारो-लाखो पट जास्त. एवढी मात्रा रक्तात कधीच होत नाही. ती फक्त आतड्याच्या पोकळीत, अस्तराला लागून होऊ शकते. त्यात पुन्हा अस्तराच्या पेशीत शिरलेल्या रेणूला पेशी एक अ‍ॅसिटिल गट लावून निकामी करते. म्हणजे बाहेरून सतत भरपूर पुरवठा हवा.

हे एकदा लक्षात आलं की बाकीचं आपोआप उलगडतं. गोळीवरचा थर ठराविक सामूला (पीएच, म्हणजे आम्लतेचं माप), साधारण ६ ते ७ च्या आसपास, विरघळतो. आजार उसळलेला असताना दोन गोष्टी होतात: दाह झालेल्या आतड्यातला सामू कधी कधी खाली येतो, आणि जुलाबामुळे गोळी धावत पुढे जाते. कधी ती अख्खीच्या अख्खी शौचात दिसते. दिसली तर डॉक्टरांना सांगा. (दाणेदार प्रकारात किंवा कवच उरणाऱ्या गोळीत नुसतं रिकामं टरफल दिसू शकतं, ते बोटाने दाबून बघा, आत काही नसेल तर चिंता नाही.) शिवाय तुमचा दाह डाव्या बाजूला आणि गुदाशयात आहे, आणि वरून येणारं औषध तिथे पोचेपर्यंत बरंच विरळ झालेलं असतं.

म्हणून डाव्या बाजूच्या आजारात खालून दिलेलं औषध हा या रिसेप्टरवरचा सगळ्यात सरळ उपचार आहे. आतड्याचा सर्वदूर आजार असलेल्यांतसुद्धा ४ ग्रॅम तोंडावाटे घेणाऱ्यांना रोज १ ग्रॅमचा एनिमा जोडला, तेव्हा आठ आठवड्यांत ६४ टक्के शांत झाले, एनिमाशिवाय ४३ टक्के. तुमच्या प्रश्नात एनिमाचा उल्लेखच नाही आणि तोंडावाटेचा डोस २.४ ग्रॅमवर थांबलेला आहे. उसळलेल्या आजारात तो ४ ते ४.८ ग्रॅमपर्यंत नेता येतो, आणि दिवसाचा डोस एकदम घेतला तरी चालतो. स्टेरॉइड लागण्याआधी हे दोन्ही करून झालं होतं का, ते जुन्या कागदांत बघा.

खालून घ्यायच्या औषधांत पोच वेगवेगळी. सपोझिटरी (गुदद्वारातून आत सरकवायची औषधाची कांडी) फक्त गुदाशयापुरती, फेस त्याच्या थोडा वर, द्रव एनिमा डाव्या वळणापर्यंत. एनिमा रात्री झोपताना, शौचाला जाऊन आल्यावर, बाटली हातात धरून अंगाच्या तापमानाला आणून. डाव्या कुशीवर, उजवा गुडघा पोटाशी, टोकाला थोडं वंगण, मिनिटभर लावून हळूहळू आत. मग अर्धा तास तरी त्याच कुशीवर पडून राहायचं. पहिल्या आठवड्यात तो टिकत नाही, कारण सुजलेलं गुदाशय काहीही धरून ठेवत नाही. बरेच जण इथेच सोडून देतात. तेव्हा आठवडाभर सपोझिटरी किंवा फेस घेऊन मग एनिमाकडे वळणं सोपं जातं. मेसालामाइनवर वर्षातून एकदा क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) बघायचं, सुरू केल्यावर दोन-तीन महिन्यांनी पहिल्यांदा. थोड्या रुग्णांना हे औषधच सोसत नाही: सुरू केल्यावर काही दिवसांत ताप आणि जुलाब वाढतात. तो आजार समजून डोस वाढवला तर गोंधळ होतो.

मग पायोग्लिटाझोन का नको? याच कुळातल्या रोझिग्लिटाझोनची खरी चाचणी झाली आहे. १०५ रुग्ण, सौम्य ते मध्यम अल्सरेटिव्ह कोलायटिस, ४ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, १२ आठवडे. सुधारणा ४४ टक्क्यांत, दिखाऊ गोळीवर २३ टक्क्यांत. पूर्ण शांतता १७ विरुद्ध २ टक्के. म्हणजे कल्पना खोटी नव्हती, रिसेप्टर खरा होता. पण गोळी अंगभर जाते. पाणी साठणं, वजन वाढणं, हृदय अशक्त असेल तर ते निकामी होण्याचा धोका, बायकांत हाडं मोडण्याचं वाढलेलं प्रमाण. रोझिग्लिटाझोनवर हृदयविकाराचं सावट आल्यावर २०१० साली युरोपात ती बंद झाली. पायोग्लिटाझोनवर पाणी साठणं आणि हाडांचं तेच सगळं, वर मूत्राशयाच्या कर्करोगाची शंका. अधूनमधून स्टेरॉइड घेणाऱ्या व्यक्तीच्या हाडांवर हा दुसरा घाव कशाला? १७ टक्क्यांसाठी एवढी किंमत देण्याचं कारण नाही, जेव्हा तोच रिसेप्टर एनिमाने जागेवरच चालू करता येतो. क्रोन्समध्ये मेसालामाइन का लंगडतं तेही इथे कळतं: दाह भिंतीच्या आरपार असतो आणि पुष्कळदा छोट्या आतड्यात, तिथे अस्तराला लागून साठलेली मात्रा पुरत नाही.

इस्ट्रोजेनचं प्रकरण गुंतागुंतीचं. मोठ्या आतड्याच्या अस्तरात मुख्यतः बीटा प्रकारचा रिसेप्टर असतो आणि तो अस्तराच्या पेशींमधले सांधे घट्ट ठेवायला मदत करतो. आयबीडीत तो कमी झालेला आढळतो. एवढं वाचून इस्ट्रोजेन द्यावं असं वाटणं साहजिक आहे. पण गोळीतलं इस्ट्रोजेन अल्फा आणि बीटा दोन्ही चालू करतं, आणि माणसांतली माहिती उलट बाजूला झुकते. परिचारिकांच्या मोठ्या अमेरिकन पाहणीत संततिनियमनाची गोळी चालू असणाऱ्यांत क्रोन्सचा धोका जवळपास २.८ पट, तर पाळी गेल्यावर हार्मोन घेणाऱ्यांत अल्सरेटिव्ह कोलायटिसचा सुमारे १.७ पट दिसला. हा आजार नव्याने होण्याचा धोका आहे, असलेला आजार बिघडण्याचा नव्हे. आणि एकट्या व्यक्तीसाठी तो तसा कमीच. तरी 'इस्ट्रोजेन आतड्याला वाचवतं' या सरळ वाक्याला यातून आधार मिळत नाही. उंदरांत तर एकाच संशोधनात इस्ट्रोजेनने एका प्रकारच्या कोलायटिसमध्ये दाह कमी केला आणि दुसऱ्या प्रकारात वाढवला.

शिवाय रक्ताच्या गुठळ्या. आयबीडीत शिरांत गुठळी होण्याचा धोका मुळातच दोन-तीन पट असतो, आजार उसळला की आणखी वाढतो, स्टेरॉइडने त्यात भर पडते. त्यावर तोंडावाटे इस्ट्रोजेन नको. संततिनियमन हवं असेल तर तांबी, हार्मोनयुक्त तांबी किंवा केवळ प्रोजेस्टोजेनचे पर्याय आधी बघावेत. पाळी गेल्यावर हार्मोन लागलंच तर कातडीवर लावायची पट्टी गोळीपेक्षा गुठळीच्या बाबतीत सौम्य. फक्त बीटा रिसेप्टर चालू करणारे रेणू ही वेगळी, अभ्यासाची दिशा आहे, आणि तिला अर्थ आहे.

तुमच्या पाळीच्या त्रासाकडे मात्र वेगळ्या नजरेने बघा. पाळीच्या आसपास गर्भाशयातून सुटणारी प्रोस्टाग्लँडिन आतड्यालाही आकुंचन पावायला लावतात. निरोगी बायकांनाही त्या दिवसांत पातळ शौच होतं. लक्षण वाढलं म्हणजे दाह वाढला असं नाही. ओळखायचं कसं? तीन महिने वहीत रोज तीनच गोष्टी: शौचाच्या वेळा, रक्त आहे का, रात्री उठावं लागलं का. आणि कॅलप्रोटेक्टिनचे दोन नमुने, एक पाळी येण्याच्या एक-दोन दिवस आधी, दुसरा त्यानंतर दोन आठवड्यांनी. दोन्ही सकाळच्या पहिल्या शौचाचे, एकाच प्रयोगशाळेत, रक्तस्राव चालू नसताना. दोन्ही आकडे १५० (मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅम) च्या खाली असतील तर तो पाळीचा त्रास, आतड्याचा नाही. दोन्ही २५० च्या वर असतील तर पाळी निमित्तमात्र, दाह महिनाभर आहे आणि तुम्हाला तो त्या दिवसांतच जाणवतो. मधले आकडे आले तर पुन्हा तपासावं लागतं. पोटदुखीला आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, मेफेनॅमिक अ‍ॅसिड टाळा. पाळीची गोळी म्हणून सहज घेतलेली हीच औषधं दर महिन्याच्या त्रासाचं कारण असू शकतात. पॅरासिटामॉल घ्या. हे तुम्ही घेत होता का, ते प्रश्नात नाही. असेल तर सगळ्यात आधी ते थांबवा.

व्हिटॅमिन डी लवकर आटपतो. ते हार्मोनच आहे, त्याचा रिसेप्टर प्रतिकारपेशींतही असतो आणि आतड्याच्या अस्तरातही. क्रोन्सच्या शांत असलेल्या ९४ रुग्णांना वर्षभर रोज १२०० युनिट दिलं तेव्हा १३ टक्क्यांचा आजार परतला, न दिलेल्यांत २९ टक्क्यांचा. आकडा मोहक आहे, पण संख्याशास्त्राच्या उंबरठ्याच्या किंचित अलीकडे राहिला. आणि रक्तातलं डी कमी असलेल्यांत आजार जास्त दिसतो, याचं एक साधं कारण म्हणजे आजारी माणूस बाहेर पडत नाही, नीट जेवत नाही, शोषतही नाही. माझं मत: कमी असेल तर भरून काढा, हाडांसाठी. २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी तपासा (१,२५ नव्हे, तो आकडा फसवतो), ३० नॅनोग्रॅमच्या वर ठेवा, त्यासाठी बहुतेकांना रोज १००० ते २००० युनिट पुरतात. फार कमी असेल तर डॉक्टर आठवड्यातून एकदाचा मोठा डोस सहा ते आठ आठवडे देतात. तो संपल्यावर थांबायचं असतं, महिनोन्महिने घेत राहायचं नसतं. तहान, बद्धकोष्ठ, मुतखडा, गोंधळलेपण ही जास्त झाल्याची चिन्हं. रिसेप्टर भरून वाहत असताना आणखी ओतल्याने कोलायटिस बरा होतो असं कुठे दिसलेलं नाही.

जीएलपी-१ आणि जीएलपी-२ ही दोन्ही आतड्यातल्या एकाच एल-पेशीतून निघतात, पण कामं निराळी. जीएलपी-२ हे अस्तर वाढवणारं हार्मोन. नैसर्गिक रूपात ते काही मिनिटांत तुटतं, म्हणून त्यातलं एक अमिनो आम्ल बदलून टेडुग्लुटाइड बनवलं गेलं. आतडं काढावं लागल्याने ज्यांना पोषण शिरेतून द्यावं लागतं त्यांच्यासाठी ते २०१२ साली मान्य झालं, रोज ०.०५ मिलिग्रॅम प्रति किलो कातडीखाली. क्रोन्सच्या दाहावर त्याची १०० रुग्णांवर चाचणी झाली, चढ्या डोसला कल चांगला दिसला, पण निर्णायक काही हाती आलं नाही. आणि अस्तर वाढवणारं हार्मोन असल्याने पॉलिप व कर्करोगाची शंका आधी कोलोनोस्कोपीने फेडावी लागते. जुन्या कोलायटिसमध्ये जिथे कर्करोगाची टेहळणी आपण आधीच करतो, तिथे ही शंका हलकी नाही.

जीएलपी-१ची इंजेक्शनं मधुमेह आणि वजनासाठी. नोंदवह्यांच्या अभ्यासांत ती घेणाऱ्या आयबीडीच्या रुग्णांत आजार जरा आटोक्यात राहिलेला दिसतो. पण ती कोणाला दिली गेली आणि कोणाला नाही, हा फरक अशा अभ्यासात पूर्ण धुवून निघत नाही. तुम्हाला मधुमेह किंवा जास्त वजन असेल आणि त्यासाठी ती हवी असतील, तर कोलायटिस आडवा येत नाही. कोलायटिससाठी म्हणून मागू नका. घेतलीच तर दोन गोष्टी: मळमळ आणि जुलाब हे औषधाचेच परिणाम असतात, त्यामुळे कॅलप्रोटेक्टिन न बघता आजार उसळला असं ठरवू नका, आणि कोलोनोस्कोपीआधी भूल देणाऱ्या डॉक्टरांना सांगा, कारण पोट रिकामं व्हायला वेळ लागतो. आतडं अरुंद झालेल्या क्रोन्सच्या रुग्णांत उलट्यांचं खापर इंजेक्शनवर फुटतं आणि खरा अडथळा लपतो.

ग्रोथ हार्मोनचंही असंच. २००० साली ३७ क्रोन्स रुग्णांवरच्या चाचणीत चार महिन्यांत आजाराचा गुणांक लक्षणीय घसरला, बातमी गाजली, पण तो नेहमीचा उपचार झाला नाही. पित्ताम्लांचा एफएक्सआर रिसेप्टर, किंवा आरओआर-गॅमा-टी ज्यावर टीएच-१७ या प्रतिकारपेशी उभ्या राहतात, यांवरही काम चालू आहे. नंतरच्याबद्दल एक सावधगिरी आठवते: याच साखळीत पुढे येणारं आयएल-१७ हे रसायन अडवणारं औषध क्रोन्समध्ये दिलं तेव्हा रुग्णांचा आजार बिघडला. कागदावर दाहाचं वाटणारं रसायन आतड्याच्या अस्तराची राखणही करत होतं.

पुढे असं काही वाचलंत तर तीन गोष्टी शोधा. प्रयोग उंदरांवरचा असेल तर औषध आजार सुरू होण्याआधी दिलं की नंतर? बहुतेक प्रयोगांत उंदरांच्या पाण्यात २ ते ३ टक्के डीएसएस नावाचं रसायन पाच-सात दिवस घालतात. त्याने अस्तर सोलवटतं आणि रसायन थांबलं की बरंचसं आपोआप भरून येतं. अस्तर लवकर भरणारी कोणतीही वस्तू तिथे औषध ठरते. माणसाचा आजार वर्षानुवर्षं चालतो आणि रुग्ण तो झाल्यावरच येतो. दुसरं, औषध कुठे सोडलं: अंगभर की आतड्यात? तिसरं, फायदा कशावर मोजला, नुसत्या लक्षणांवर की कोलोनोस्कोपीत दिसणाऱ्या अस्तरावर?

तुमच्या पुढच्या भेटीसाठी एका कागदावर एवढं लिहून न्या: मागच्या दोन्ही वेळी मेसालामाइन ४ ग्रॅमच्या वर आणि एनिमासकट झालं होतं का, स्टेरॉइड किती दिवस चाललं आणि कितीव्या मिलिग्रॅमला त्रास परतला, आयबुप्रोफेनसारखी गोळी कधी घेतली, दोन कॅलप्रोटेक्टिनचे आकडे, व्हिटॅमिन डी. एनिमासकट पूर्ण डोस कधीच झाला नसेल तर आधी तो आठ आठवडे. झाला असेल आणि तरी दोनदा स्टेरॉइड लागलं असेल, तर विषय प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या अझाथायोप्रिनचा, जैविक औषधांचा किंवा जॅक (पेशीत दाहाचा निरोप पुढे नेणारं प्रथिन) रोखणाऱ्या गोळ्यांचा आहे, आणि तो तिसऱ्या कोर्सच्या आधी काढायला हवा. मूल हवं असेल तर तेही त्याच कागदावर लिहा, कारण यातली निवड त्याने बदलते.